मामाला न विचारलेलं

बँकेच्या त्या शाखेत तीन खिडक्या होत्या आणि घाईतला माणूस मधल्या खिडकीची रांग टाळायचा. मधल्या खिडकीत बसणाऱ्या बाईला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण बाजारपेठेत ते कुणी वापरत नसे. तिला सगळे कुठूनताई म्हणत.

हे नाव तिने स्वतः कमावलं होतं. कुणी मोठी रक्कम भरायला आला की नोटांना हात लावायच्या आधी ती मान वर करायची आणि विचारायची, "कुठून आले?" त्या विचारण्यात संशय नसे आणि गोडवाही नसे. डॉक्टर जसं 'कुठे दुखतंय' विचारतो, तसं ते विचारणं असायचं.

"कोंबडीच्या पोटातून," अंडेवाला एकदा म्हणाला. "बोलावू का तिला सहीला?"

रांग हसली. कुठूनताईही हसली. मग म्हणाली, "तिचं ओळखपत्र असेल तर बोलवा. नसेल तर तुम्हीच सांगा, एवढी अंडी एकदम घेतली कुणी?"

अंडेवाल्याने बेकरीची पावती काढून दाखवली, आणि जाता जाता मागच्या माणसाला म्हणाला, "नीट उत्तर दे रे बाबा. ही घरी सासूलाही सोडत नसेल."

मूळचीच ती बाई अस्वस्थ स्वभावाची. चेहरा स्थिर, हात कामात, पण टेबलाखाली उजवा पाय सारखा हलत असायचा, जणू शिवणयंत्र चालवतेय. शेजारच्या खिडकीतला कारकून म्हणायचा, "ताई, दिवसभरात एक दुपटं तरी शिवून होत असेल तुमचं."

तो प्रश्न काही तिच्या एकटीच्या डोक्यातून आलेला नव्हता. कितीतरी वर्षं देशात असं चाललं होतं की लाचेचा, तस्करीचा, फसवणुकीचा पैसा बँकेच्या एका दाराने आत जाई आणि दुसऱ्या दाराने आंघोळ करून, भांग पाडून बाहेर येई. कुणी ओळख विचारत नसे. मग बाहेरच्या देशांनी डोळे वटारले, इथल्या बँकांशी व्यवहार करताना हात आखडता घेतला, तेव्हा कुठे सरकार जागं झालं. कायदा झाला. राजधानीत एक खास कार्यालय उघडलं. गावोगावच्या शाखांना हुकूम सुटले: गिऱ्हाईक ओळखा, पैसा कुठून आला ते विचारा, ठरलेल्या मर्यादेवरची रक्कम असेल तर वर कळवा, आणि मर्यादेखालची असली तरी वास आला तर कळवा.

त्यासाठी मुख्य कचेरीतून एक शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. शाखेतल्या माणसांना त्यांनी एका बंद खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पोलीस नाही, न्यायाधीश नाही. तुम्ही नाक आहात. वास आला की सांगायचं, एवढंच. आणि ज्याच्याबद्दल कळवलं, त्याला ते कधीही कळता कामा नये. आज नाही, नंतरही नाही. नुसती खूण केलीत तरी गुन्हेगार तुम्ही ठराल. मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना."

"आणि नवरा असला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर मुळीच नाही," बाई म्हणाल्या, आणि खोलीभर हसू पसरलं. कुठूनताई हसली नाही. तिने ते मनात घट्ट बांधून घेतलं.

आता तिच्या मामाविषयी सांगायला हवं, कारण तिचं सगळं आयुष्य मामाच्या दुकानातून सुरू होतं.

बाप तिच्या लहानपणीच परागंदा झाला, आई आजारात गेली, आणि एका दुपारी मामाने तिला सायकलवर पुढे बसवून आपल्या घरी आणलं. मामा बस आणि ट्रकच्या सीटा शिवायचा. लोखंडी शटरची एक खोली, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, हवेत चिकटद्रव्याचा उग्र वास. मामाच्या हातात दाभण असलं की तो बोलत नसे; टाका ओढून झाला की मगच वाक्य पुरं करी. त्या काथ्याच्या ढिगावर पालथी पडून ती शाळेचा अभ्यास करायची. बँकेच्या परीक्षेच्या दिवशी मामा दुकान बंद ठेवून बाहेरच्या बाकावर बसून राहिला. पेपर तिचा होता आणि घाम त्याला फुटला होता. निकाल लागला तेव्हा मामी रडली, पण मामा मुकाट्याने शटर उघडून कामाला लागला. त्या दिवशी शिवलेल्या सीटा वाकड्या झाल्या आणि त्या उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या, हे मामी अजून सांगते.

पुढे बसच्या सीटा कारखान्यातून साच्यातल्या तयार येऊ लागल्या. मामाचं शटर आधी अर्धं उघडं राहू लागलं, मग आठवड्यातून एखाद्या दिवशीच उघडू लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसण्याची सोय करणाऱ्या त्या माणसाला स्वतःला रिकामं बसणं जमेना. घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचा, मामीच्या स्वयंपाकात खोड्या काढायचा. तो खंगत चालला होता आणि कुठूनताईला ते बघवत नव्हतं.

अशात मुख्य रस्त्यावर एका परगावच्या माणसाने फर्निचरचं मोठं शोरूम काढलं. काचा, दिवे, दारात उभा गणवेशातला रखवालदार. लोकांनी त्याचं नाव लगेच सोफाशेठ ठेवलं. सोफाशेठने सुताराला काम दिलं, पॉलिशवाल्याला दिलं, आणि एक दिवस स्वतः मामाच्या दारात येऊन म्हणाला, "मामा, तुमच्यासारखा टाका या भागात कुणाचा नाही असं ऐकलं." बस्स. मामाची मान ताठ झाली, दाढी रोज होऊ लागली, शटर सकाळी वर जाऊ लागलं.

महिन्याभरात मामा एक रेक्झिनची पिशवी घेऊन बँकेत आला. पिशवीत नोटा होत्या. रक्कम मर्यादेच्या किंचित खाली, पण मामाच्या मानाने डोळे दिपतील अशी. तो ऐटीत रांगेत उभा राहिला, पुढच्यामागच्यांना सांगत होता, "ती मधली, ती माझी भाची."

खिडकीशी आल्यावर कुठूनताईने मान वर केली. प्रश्न ओठांवर आला आणि तिथेच अडला. ज्याने तिच्या ताटात पहिला घास वाढला होता त्याला विचारायचं, की हे तुम्ही कुठून आणलंत? सगळ्या बाजाराला विचारताना न अडखळलेली जीभ तिथे वळेचना. तिने मान खाली घातली आणि अर्जातल्या 'पैशाचा स्रोत' या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: व्यवसायाचे उत्पन्न. मामाने सही केली. शिपायाने त्याला चहा आणून दिला.

पुढच्या वेळीही तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही. प्रत्येक वेळी तिने तोच रकाना भरला आणि स्वतःची समजूत घातली, की चांगलं काम मिळालंय, मोठ्या ऑर्डरी असतील.

मग एक दिवस सुतार आला. रक्कम तशीच, मर्यादेच्या किंचित खाली.

"कुठून आले?"

"सोफाशेठचे आहेत. म्हणाले, तुझ्या खात्यात भर आणि उद्या माझ्या खात्यात पाठवून दे."

"मग सरळ त्यांच्याच खात्यात का नाही भरत?"

"ते मोठ्यांचं गणित, ताई. आपल्याला काम मिळतंय ना? आता मामा नाही का भरत? मामाला विचारलंस कधी?"

तो हे सहज म्हणाला, टोमणा म्हणूनही नाही. पण टेबलाखालचा तिचा पाय थांबला.

दुपारी पॉलिशवाला आला. त्याचंही तेच. तो गेल्यावर तिने मामाचं खातं उघडून पाहिलं. आलेली प्रत्येक रक्कम दुसऱ्या दिवशी सोफाशेठच्या खात्यात गेली होती, 'गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम' म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच शोरूममध्ये गेली. आत गारवा होता आणि सामसूम. सोफे रांगेत मांडलेले, सगळ्यांवर पारदर्शक प्लास्टिक, प्लास्टिकवर धूळ. विक्रेता खुर्चीत पेंगत होता.

"सगळं बुक आहे," तो डोळे न उघडताच म्हणाला.

एका सोफ्याच्या कडेला तिने मामाचा टाका ओळखला. किती जीव ओतला होता म्हाताऱ्याने त्यात! तिने धुळीवरून बोट फिरवलं. त्याची वाट स्पष्ट उमटली. त्या सोफ्यावर कुणी बसलंच नव्हतं, आणि बसणारही नव्हतं. ते सोफे फक्त दाखवण्यापुरते होते. कुणाचा तरी काळा पैसा गरिबांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी येत होता आणि न झालेल्या विक्रीची कमाई म्हणून उजळ होत होता.

परत येताना तिला रस्ता दिसत नव्हता. कळवलं तर मामा गुन्हेगारांच्या यादीत, आणि वर तीन वेळा न विचारल्याबद्दल स्वतःची नोकरी टांगणीला. न कळवलं तर नाक असून बंद करून घेतलेलं. आणि मामाला नुसतं 'थांबा' म्हणावं, तर तो भोळा माणूस तडक जाऊन सोफाशेठलाच विचारणार, की माझी भाची असं का म्हणते, आणि मोठा मासा जाळं पाहून निसटणार.

तिने साहेबांचं दार ठोठावलं. शाखेचे साहेब सावध, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

"मामा ना तुमचे? मग तुम्ही बाजूला व्हा. मी दुसऱ्याला लिहायला सांगतो."

"तपासू दे दुसऱ्याला, साहेब. पण माझ्या खिडकीत काय घडलं ते मलाच लिहावं लागेल."

तिने लिहिलं. सुताराचं, पॉलिशवाल्याचं, मामाचं. शेवटी लिहिलं की, खातेदार माझे मामा असल्याने मी त्यांना पैशाचा स्रोत विचारला नाही आणि तो रकाना स्वतः भरला.

साहेबांनी वाचलं. "ही शेवटची ओळ हवीच का?"

"हवी."

"विचार करा, बाई."

"तोच करून आलेय."

अहवाल राजधानीला गेला आणि त्यानंतर काहीच घडेना. पत्र नाही, फोन नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. मामा पिशव्या आणत राहिला. तिने आता त्याला विचारायला सुरुवात केली, तेव्हा तो हसून म्हणाला, "सोफाशेठचे गं, दुसरे कुणाचे?" आणि तिने ते तसंच लिहिलं. तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली राजधानीत.

घरी तिचे हात स्वस्थ राहीनात. घासलेली भांडी पुन्हा घासायची, वाळलेले कपडे पुन्हा झटकायची. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. तो म्हणाला, "काही होतंय का तुला? गोळी देऊ?"

"कशावरची?"

"ते तू सांग. माझ्याकडे सगळ्यावरची आहे."

तिने झटकलेलाच टॉवेल पुन्हा झटकला. नवऱ्यालाही सांगायचं नव्हतं.

दर रविवारी मामा-मामी जेवायला यायचे. त्या रविवारी मामा खुशीत होता. पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाला, "बातमी आहे. सोफाशेठ मला भागीदार करतोय. बुधवारी सह्या. शोरूमच्या कागदांवर माझं नाव लागणार."

"बघा!" मामी म्हणाली. "म्हातारपणी शेठ होतायत. मला आता नवी चप्पल तरी मिळेल."

कुठूनताईला लख्ख दिसलं की बुधवारनंतर त्या सगळ्या पैशाचा मालक कागदोपत्री मामा असेल. सोफाशेठ उठून परगावी जाईल आणि लोखंडी दाराआड मामा बसेल. सांगता येत नव्हतं. पण विचारायला कायद्याने कधी मनाई केली नव्हती. उलट विचारा, असंच तर कायदा म्हणत होता.

"मामा," ती म्हणाली, "सोफाशेठकडे एवढे पैसे येतात कुठून?"

ताटांवरचे सगळे हात थांबले.

"म्हणजे?"

"दुकानात गिऱ्हाईक तर दिसत नाही. मग येतात कुठून?"

मामाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं. "हे काय काउंटर आहे? मी रांगेत उभा आहे का तुझ्या?"

"जेवताना माणसाला असं विचारतात का गं?" मामी म्हणाली.

"पहिल्या पिशवीला विचारलं नाहीस," मामा म्हणाला. "दुसरीला नाही. आज मला चार लोक मान देतायत, तर आज खोदून विचारतेस. तुला तुझा मामा काथ्याच्या ढिगावरच बरा वाटतो, होय ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण ती मागे हटली नाही. "पहिल्याच पिशवीला विचारायला हवं होतं, मामा. चुकलं माझं. मी आज विचारतेय. तुम्हाला माहीत आहे का, ते कुठून येतात?"

मामा भरल्या ताटावरून उठला. हात धुतले आणि मामीची वाट न बघता चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना जाऊन सांगितलं, "मी घरी मामांना विचारलं."

"विचारलंत की सांगितलंत?"

"विचारलं."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. "काठावरून चालताय तुम्ही."

"माहीत आहे, साहेब."

बुधवार उजाडला. तिचं लक्ष सारखं दाराकडे. नोटा मोजताना ती चुकली, शिक्का उलटा मारला, एका म्हाताऱ्याचं पासबुक दुसऱ्याला दिलं. टेबलाखालचा पाय असा हलत होता की शेजारचा कारकून म्हणाला, "ताई, आज दुपटं नाही, तंबू शिवताय." तिने ऐकलंच नाही.

दुपारी मामा आला. हातात पिशवी. बाजूची खिडकी रिकामी होती आणि तिथला कारकून त्याला हाका मारत होता, तरी तो मधल्या रांगेतच उभा राहिला. पुढच्या माणसांशी एक शब्द बोलला नाही. पाळी आली तसं त्याने पिशवी खिडकीत ठेवली आणि हात तिच्यावर तसाच राहू दिला.

"विचार," तो म्हणाला.

तिने मान वर केली. "कुठून आले?"

"मला माहीत नाही."

रांगेतली कुजबुज थांबली.

"रविवारपासून माझ्या डोक्यात भुंगा शिरलाय," मामा म्हणाला. "काल सोफाशेठला जाऊन विचारलं. तो हसला. म्हणाला, मामा, तुम्ही शिवायचं बघा, बाकीचं आमच्यावर सोडा. मी पुन्हा विचारलं. मग तो हसला नाही. म्हणाला, आधी भागीदारीची सही करा, मग सगळं कळेल. मी म्हटलं, आधी कळू दे, मग सही. तर म्हणतो, काम बंद करीन." मामाने पिशवीवर थाप मारली. "ही पिशवी त्याने आधीच दिलेली होती. परत द्यायला गेलो तर घेईना. घरी कशी ठेवू? म्हणून आणली. तू लिही. पैसे कुठून आले ते खातेदाराला माहीत नाही. तुझ्या अक्षरात नको. मीच लिहितो."

त्याने पेन घेतलं. शाळा अर्धवट सोडलेला माणूस. एकेक अक्षर दाभणाने टाका घालावा तसं ओढून लिहीत होता. मागची रांग ताटकळत होती, पण कुणी 'आटपा' म्हणालं नाही. साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी अर्ज वाचला, रक्कम जमा करून घेतली आणि ती पुढे कुठेही जाणार नाही असा खात्याला अटकाव केला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. राजधानीची माणसं दोन गाड्यांतून आली. शोरूमला सील लागलं. सोफाशेठ सरहद्दीकडच्या रस्त्यावर गाडीतच सापडला. त्याच्या मागची मोठी नावं अजून कोर्टात लोंबकळतायत. सुतार, पॉलिशवाला आणि मामा यांची खाती गोठली. मामाला चौकशीला पुन्हा पुन्हा बोलावलं. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या त्या ओळीमुळे आणि सही न केलेल्या कागदांमुळे त्याला आरोपीऐवजी साक्षीदार केलं. पण काम गेलं ते गेलंच. शटर पुन्हा खाली आलं.

कुठूनताईला लेखी ताकीद मिळाली, पगारवाढ रोखली गेली आणि मधल्या खिडकीतून उठवून तिला मागच्या खोलीत धनादेशांच्या कामाला बसवलं. ती भांडली नाही. तीन वेळा न विचारल्याची ती किंमत होती आणि तिला ती वाजवी वाटली. बाजारात मात्र तर्क सुरू झाले. कुणी म्हणे, सुताराने चुगली केली. कुणी म्हणे, रखवालदाराने. आणि काही जण नुसतेच बँकेकडे बघून गप्प होत.

मामा-मामींचं रविवारी येणं थांबलं होतं. ती मात्र दर रविवारी त्यांच्यापुरतं जास्तीचं रांधायची, दाराशी जायची, परत यायची. नवरा म्हणायचा, "बस जरा." ती बसायची आणि लगेच उठायची.

एका रविवारी अचानक दोघं आले. जेवण झालं. ताटं उचलताना मामीचा धीर सुटला. "खरं सांग. तूच कळवलंस ना?"

कुठूनताई ताटं हातात धरून तशीच उभी राहिली.

"मामी, मला..."

"मला-बिला काही नाही. हो की नाही, एवढंच सांग. आमचं काम गेलं, लोक बोटं दाखवतात. मला कळायला नको?"

"तिला विचारू नकोस," मामा म्हणाला.

"का? अख्ख्या गावाला ती विचारते!"

"तिला सांगता येणार नाही. हो असलं तरी, आणि नाही असलं तरी. चौकशीवाले दर वेळी मला बजावायचे, इथलं बोलणं बाहेर नाही. तिलाही कुणीतरी बजावलं असेलच." मग तो भाचीकडे वळला. तिला वाटलं, तो आता विचारील. विचारलं तर आपण कोसळू. पण त्याने विचारलं नाही.

तो उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या, मामीला हाताने 'चल' म्हटलं, आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. येऊ नये असं कारण मला तरी कुणी सांगितलेलं नाही."